तीन महिन्यांचं तेल

१७ नोव्हेंबर, सोमवार

त्या तेलवाल्या सौरभला काय म्हणावं! बारामतीहून तेलाचे डबे घेऊन आला आणि माझं सगळं बिघडवून गेला. "हे सिंथेटिक आहे, मॅडम. एकदा टाका नि वर्षभर विसरा."

वर्षभर! साधं तेल तीन महिन्यांनी बदलावं लागतं, म्हणून तर मी हक्कानं मुजम्मिल यांच्या गॅरेजात जाते आणि तासभर स्टुलावर बसते. माझे मालक मोईन वारले, त्यांची शाळेची व्हॅन मी चालवायला घेतली, तेव्हापासून हा एकच तास माझा स्वतःचा. त्या तासाला मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते. नुसती बसते. ते काम करतात, मी बघते. एवढंच. पण एवढंही गेलं तर?

मुजम्मिल डबा हातात फिरवत राहिले. त्यांची व्हॅन आणि माझी, एकाच वर्षाच्या. दोन्हींची इंजिनं त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत खोलून धुतलेली. म्हणाले, "तुमच्यात ह्ये टाकू, माझ्यात साधं. उन्हाळ्याआधी दोन्ही खोलून बघू. ज्याच्यात घाण कमी, ते तेल खरं."

"चालंल की, मुजम्मिलभाई."

तोंडानं भाई म्हणावं लागतं. इथे कागदावर नाही लिहिणार.

३ डिसेंबर, बुधवार

कळसला आज कडाक्याची थंडी. चावी फिरवली आणि — काही नाही! म्हणजे इंजिन चालू झालं, पण नेहमीची खटखट नाही. साधं तेल थंडीत घट्ट होतं, वर चढेपर्यंत इंजिन कुरकुरतं. हे नवं तेल लगेच पोचतं म्हणे. गाडी परकी वाटली, दुसऱ्याच कुणाची.

धुक्यात उसाच्या ट्रॉलीमागून हळूहळू जात होते. पुढचं काही दिसत नव्हतं, आवाज नव्हता, आपण रस्त्यावर आहोत की पाण्यावर तेच कळेना. मागे पोरंही पेंगत होती. मला वाटलं, असंच जात राहावं, शाळा येऊच नये. शेजारच्या सीटवर कोण बसलंय असं वाटलं, ते काही लिहायला नको.

संध्याकाळी निमगावात सुकन्या ओरडली, "मॅडम, माझं घर मागं ऱ्हायलं!" सगळी व्हॅन हसली. लाज वाटली. तरी हसू येत होतं.

२१ डिसेंबर, रविवार

काही काम नव्हतं. गेले. "इंजिनातनं आवाज येतोय," म्हटलं.

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटून ऐकत राहिले. असं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नाही — आणि ऐकत होते ते माझी थाप!

"इंजिन गप हाय, मॅडम. आवाज तुमच्या डोक्यात हाय."

आगाऊपणा! रागानं गाडी काढली. ओढा ओलांडेपर्यंत राग टिकला.

९ जानेवारी, शुक्रवार

आज त्यांनी दोन्ही गाड्यांच्या तेलाचा एकेक थेंब टीपकागदावर टाकला. त्यांच्या थेंबाची काळी घाण मधेच गोळा होऊन बसली. माझा थेंब पसरत गेला, कडेला फिकट होत होत कागदात विरला. चंद्राला खळं पडतं तसं.

"बघा," म्हणाले, "ह्ये घाण एका जागी बसू देत न्हाय. धरून ठिवतं, पांगवतं. म्हणून आत थर साचत न्हाय."

मी मान हलवली. मनात मात्र म्हणत होते, या अल्ला, माझ्या इंजिनात थोडी तरी घाण साचू दे! स्वतःच्या गाडीचं वाईट चिंतणारी बाई इंदापूर तालुक्यात दुसरी नसेल.

शहाजादीचाची, त्यांची आई, चहा घेऊन आल्या. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१० जानेवारी

तो टीपकागद मी मागून आणलाय. कशाला, ते विचारू नये.

८ फेब्रुवारी, रविवार

आज दोन्ही इंजिनं उघडली.

त्यांच्या इंजिनात वरच्या झाकणाखाली तपकिरी थर. नखानं खरवडला तर मळीसारखा चिकट. माझं — लख्ख! दिवाळीत धुतलं होतं जवळजवळ तसंच. ते टॉर्च धरून आत दाखवत होते, मी वाकून बघत होते. त्यांच्या साबणाचा वास, पेट्रोलचा वास. मी आत काय बघितलं, देव जाणे.

"हरलं माझं तेल," ते म्हणाले. "तुमाला ह्येच टाकतो. मग पुढच्या फेब्रुवारीपतुर हिकडं बघायला नगं."

नगं! किती सहज म्हणाले!

"मला साधंच टाका."

"आता डोळ्यांनी बघितलं की तुमी!"

"बघितलं. तरी साधंच."

"त्याला तीन महिन्यांनी यावं लागतंय."

"माहीत हाय मला."

ते फडक्याला हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते. "नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी साधं तेल ओतलं. सावकाश, एकही थेंब बाहेर न सांडता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वेळच्या वेळी बदललं तर ह्येबी इंजिनाला सांभाळतंय." बस. "या" सुद्धा म्हणाले नाहीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी इंजिन पुन्हा खटखटलं. प्रत्येक खटक्याला वाटलं, शगुफ्ता, तू मूर्ख आहेस. तीन महिने त्या माणसानं एवढी मेहनत केली, पुरावा समोर ठेवला, आणि मी काय निवडलं? अडाणी समजले असतील. किंवा सगळं समजले असतील — ते तर त्याहून वाईट!

गॅरेज बंद होतं. कालही बंद होतं. का, कुणालाच माहीत नाही. माझं चित्त थाऱ्यावर नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शहाजादीचाची घरी आल्या होत्या. चहाला हात लावला नाही.

मुजम्मिल यांची मस्कतच्या वर्कशॉपमध्ये नोकरी ठरली होती. या महिन्यातच निघायचं होतं. त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आईला म्हणाले होते, मॅडमच्या गाडीत वर्षाचं तेल पडलं की जातो. आणि मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन एजंटकडून पासपोर्ट माघारी घेऊन आले.

"इचारलं, का रं?" चाची म्हणाल्या. "तर म्हणतो, मॅडमनी साधं तेल मागितलं. आता तूच सांग पोरी, मी ह्याचा जो अर्थ लावला त्यो बराबर हाय का?"

मी म्हणाले, "व्हय."