बायकांच्या खोलीतला कॅमेरा

२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा रवा! आजच्या हळदीचे फोटो तिथंच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले. नवरीच्या गालांवर कमी उजेडात येणारा तोच दाणेदार, बारीक रवा. बायकांच्या खोलीत एकच ट्यूबलाइट, आणि त्यावरही कुणीतरी हौसेनं गुलाबी कापड गुंडाळलेलं. फ्लॅश मारला तर म्हाताऱ्या ओरडतात, नवरी डोळे मिटते. नाही मारला तर हे.

परतताना वैशालीनं स्कूटीवर डोकं खाल्लं. पार्लर तिचं, नवरीचा मेकअप तिचा, फोटो माझे, त्यामुळं बोलायचा हक्कही तिचाच. 'रुबे, दोन तास खपून चेहरा केला, आन तुज्या फोटूत रवा सांडल्यावानी दिसतंय की गं. बदल त्यो डबा.'

डबा म्हणाली. लग्नानंतर हौसेनं घेतलेला माझा पहिला कॅमेरा. दुकानातला सर्वांत साधा होता, मान्य. पण डबा?

काम संपल्यावर नेहमीप्रमाणं कॅमेऱ्याचं दार उघडलं, कार्ड काढलं, नवरीच्या आईच्या मुठीत दिलं. कार्ड त्यांचं, फोटो त्यांचे. मी प्रत ठेवत नाही. म्हणून तर पडदा पाळणाऱ्या घरांतून मला बोलावणं येतं, पुरुष फोटोग्राफर तिथं उंबऱ्याच्या आत जाऊ शकत नाही. एक मात्र आहे, 'तुमचं काम बघू' असं कुणी म्हणालं की दाखवायला माझ्याकडं एकही फोटो नसतो.

२५ नोव्हेंबर

इम्रान आला होता. मामूंचा मुलगा, सांगलीत लग्नाची शूटिंगं करतो. गळ्यात कोरा करकरीत कॅमेरा. 'आपा, हातात तर घेऊन बघ.'

घेतला. मुद्दाम बेदाण्याच्या खोलीत गेले, दिवा लावला नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, तिथं खोक्यावर बसून तसबीहची माळ ओढत होत्या. एक फोटो काढला. आवाजसुद्धा नाही! मोठा करून बघितला. पापण्या!! एकेक वेगळी दिसतेय. कानातल्या बाळीवर झरोक्यातला उजेड. रव्याचा कण नाही. मी मोठ्यानं हसलेच.

अम्मी म्हणाल्या, 'एवढं साफ कशाला दिसाय पायजे? समद्या सुरकुत्या आल्या की.'

मला पाहिजे. मला हा पाहिजे. बास.

२८ नोव्हेंबर

घरात सगळेच तज्ज्ञ झालेत. माझा नवरा अस्लम परवापासून मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघतोय, दुकानात बेदाण्याचं गिऱ्हाईक उभं असलं तरी. आज जेवताना नवरोबांनी निकाल दिला. 'बॉडी जुनीच ऱ्हाऊ दे. मोठ्या तोंडाची लेन्स घे, उजेड लय येतोय त्यातनं.'

चुकीचं नाही. पण ती लेन्स लावली की नवरीचा चेहरा तेवढा येतो आणि सगळं खानदान बाहेर राहतं. मागं सरकायचं तर पाठीला भिंत. लग्नघरात बायकांच्या वाट्याला सर्वांत लहान खोली येते, हे त्या व्हिडिओवाल्याला कुठलं माहीत.

नव्या कॅमेऱ्याला अस्लमची ना नाही तशी. त्याचं एकच पालुपद, 'जुना चालतोय की अजून.' माझ्याबद्दलही हेच म्हणत असेल बाहेर.

१ डिसेंबर, सांगली

वै.ला घेऊन दुकानात गेले. नुसतं बघायला. (वै. : 'नुसतं बघाय म्हणून मीबी फ्रीज आणला हुता.')

दुकानदार बोलका. मला इम्रानच्यासारखंच नवं मॉडेल दिलं, वै.चा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, 'आता मोबाईल बघा मॅडम.' टिंग! फोटो आपोआप मोबाईलमध्ये! वायर नाही, कार्ड काढायचं नाही, काही नाही. मी लहान पोरीसारखी पाच-सहा वेळा करून बघितलं. वै.नं प्रत्येक वेळी वेगळी पोझ दिली.

मग विचारलं, जुना घ्याल का बदल्यात? त्यानं दोन बोटांनी उचलला. 'हे आता कोण वापरतंय?'

'मी.' पिशवीत टाकला आणि उठले. जाम राग आला. तरी बाहेर पडताना वळून वळून नव्याकडंच बघत होते, हे लिहून ठेवते.

४ डिसेंबर

विट्याहून शमीमखालांचा फोन. सख्ख्या नव्हेत, पण त्यांना अख्खं विटा खालाच म्हणतं. कापडाचं दुकान, जबान करडी. त्यांच्या निलोफरचं लग्न रविवारी. खाला एकदा 'पोरगी भरोशाची हाय' म्हणाल्या की तिकडची कितीतरी घरं मला उघडतात. उलट म्हणाल्या तर बंद. इतकं सोपं आहे.

अटी ठणकावून सांगितल्या : 'आत तू आन ती पार्लरवाली, बास. फोटू काडून झालं की माज्या हातात.'

पुरुषांकडचं काम इम्रानकडं आहे. त्यानंच सुचवलं, 'माझा नवा तू वापर आपा, मी दुसऱ्यावर भागवतो. एक लग्न काढून बघ, मग ठरव.'

काय काय काढू! आरसा, मेंदी, आमच्या बेदाण्याच्या खोलीसारखा झरोक्यातला उजेड... नाही, ते विट्यात नसेल. जे असेल ते!

७ डिसेंबर, रविवार. विटा-तासगाव यष्टीत

अक्षर वेडंवाकडं येतंय, गाडीला खड्डे आहेत. वै. शेजारी झोपलीय, किंवा डोळे मिटून बसलीय.

आधी चांगलं लिहिते. असे फोटो मी आयुष्यात काढलेले नाहीत. निलोफर न्हाऊन आलेली, केस मोकळे, डोक्यावर काही नाही, मावशीच्या मांडीला टेकून हसतेय. खोलीत काळोख म्हणावा इतका कमी उजेड, आणि तरी केसांतून गळणारं पाणी दिसतंय. मग ढोलकी निघाली. आणि खाला नाचल्या! शमीमखाला! पदर खोचून, दोन्ही हात वर. मी आहे हे सगळ्या विसरल्या, कारण कॅमेऱ्याला आवाजच नाही. मी नुसती काढत सुटले.

मग वै. पिना आणायला बाहेर गेली ती पांढरीफटक पडून परत आली. हातात इम्रानचा मोबाईल. तिनं कोपऱ्यात ओढलं. 'रुबे, तुजं फोटू ह्याच्यात याय लागल्यात.'

कनातीच्या पलीकडं इम्रान जेवायला बसला होता. मोबाईल ताटाशेजारी. टिंग, टिंग. कॅमेरा त्याचा, जोडलेला त्याच्याच मोबाईलला. त्यानं ते बंद केलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. दुकानात ज्याच्यावर भाळले तेच.

वै. म्हणाली, एक दिसल्याबरोबर त्यानं मोबाईल पालथा घातला, तसाच तिच्या हातात दिला. 'आपाला सांग, मी येकच बघितला, तोबी पुरा न्हाई. शेजारच्यांनी कायबी बघितलं न्हाई.' हातसुद्धा न धुता उठला म्हणे.

आम्ही दोघींनी न्हाणीत उभं राहून सगळे पुसले. वै. म्हणाली, 'आता गप ऱ्हा. कुणाला कळलंय?' तिचं खरं होतं, कुणालाच कळलं नसतं. पण निलोफरचे केस तिनं माझ्या भरवशावर मोकळे सोडले होते.

पाठवणीच्या आधी खालांना चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं. कार्ड हातात दिलं. त्यांनी ते कमरेच्या बटव्यात ठेवलं आणि आत गेल्या. 'जेवून जा' म्हणाल्या नाहीत.

८ डिसेंबर

इम्रान दोनदा येऊन माफी मागून गेला. कॅमेरा परत दिला. जीव तुटला देताना, खोटं का बोलू.

खालांची ती पाठ आठवली की ताट बाजूला सारते. आणि मग मधेच त्यांचे ते वर गेलेले दोन हात आठवतात आणि मी भांडी घासता घासता हसते. एकाच वेळी दोन्ही. बरं आहे का माझं?

११ डिसेंबर

ते फोटो मोबाईलमध्ये जाणं बंद करता येतं. मेनूत आहे. इम्रानला पुन्हा आणायला लावून स्वतः शोधलं, बंद केलं, चालू केलं, बंद केलं. मी जिंकले म्हणून नाचत अस्लमकडं गेले.

त्यानं पहिल्यांदाच कामाचं बोलून दाखवलं. 'तुला कळलं बंद हाय ते. खालांना कसं कळणार?'

जुन्याचं दार उघडून कार्ड काढलं की आंधळ्यालाही कळतं फोटो कुठं आहेत ते. नव्यात एक बारकं चिन्ह, तेही इंग्रजी मेनूत. भरोसा दाखवायचा कुठून?

१४ डिसेंबर, रविवार

फलटणहून निलोफरचा फोन!! सासरहून! मी घाबरतच उचलला.

कार्ड खालांनी पाठवणीच्या वेळी तिलाच दिलं होतं. सासरच्या सगळ्या बायकांनी दार लावून लॅपटॉपवर बघितले. 'आपा, आई नाचली हे मला ठाऊकच न्हवतं. मी मान खाली घालून बसलेले. त्यो फोटू मी रोज बघतीय.' मग म्हणाली, नणंदेचं लग्न जानेवारीत आहे, तुम्हीच या. सासूबाईंचं मात्र अजून पक्कं नाही, त्यांच्या कानावर 'ते' गेलंय.

आणि शेवटी : 'जुना आणू नका हां.'

ओरडले मी. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय पेटलं म्हणून.

१७ डिसेंबर

खालांचा फोन. इकडचं तिकडचं काही नाही. 'शनवारी दुकानात जानार हाईस म्हनं? मी येते. मला बगायचंय ते मशीन.'

निलोफरनं सांगितलं असणार. वै. म्हणते, तुला दुकानातच फैलावर घेणार. घेऊ देत. येतायत हेच लय झालं.

२० डिसेंबर, शनिवार. सांगली, दुकानात

खाला मोबाईलवर बोलतायत तेवढ्यात लिहिते.

आल्या, स्टुलावर बसल्या, नकाब वर केला आणि दुकानदाराला म्हणाल्या, 'तुमी नका सांगू. ती सांगल.' कॅमेरा त्यांच्याच मोबाईलला जोडून घेतला. मग मला ते बंद करायला लावलं. मोबाईल मुठीत धरून समोर बसल्या. 'काड माजा.' काढला. मोबाईल गप्प. 'परत.' गप्प. मोबाईल घेऊन दाराबाहेर गेल्या, रस्त्यावरच्या हातगाड्याच्या पलीकडून ओरडल्या, 'काड!' गप्प. दुकानातलं गिऱ्हाईक थांबून बघत होतं. परत येऊन बसल्या. 'आता चालू कर.'

टिंग.

खाला स्वतःच्या फोटोकडं बघत राहिल्या.

'मदे कोन न्हाई? हितनं थेट माज्यात?'

'थेट, खाला. नेट नाही, काही नाही.'

'मग निलूचं फोटू दे की माज्यात. कार्ड तर तिला दिलं. घरात येकबी न्हाई माज्याकडं.'

माझ्याकडं नाहीत, हे मला सांगावं लागलं. इम्रानच्या मोबाईलमधले मीच पुसले. माझा कायदा मी पाळला आणि आईच्या हातात लेकीचा एक फोटो उरला नाही. खालांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तसाच ठेवला.

दुकानदारानं हळूच विचारलं, 'मग, बिल करू?'

'थांबा,' खाला म्हणाल्या. 'फोटूत तोंड पोरींचं हाय. ह्यो आत चालंल का, पोरींना इचारते.' आणि निलोफरला फोन लावला. पाच मिनिटं बोलल्या. फोन ठेवला, गळ्याशी धरून राहिल्या.

'काय म्हणाली?'

'ती व्हय म्हनतीय. पर सासूला इचारून सांगते म्हनली.'

म्हणजे कॅमेरा माझा, आणि निकाल फलटणला, मी न बघितलेल्या एका बाईच्या हातात! वै. तोंडाला ओढणी लावून हसतेय. खालांनी सगळ्यांना चहा सांगितलाय, दुकानदारालाही. त्याला दुकान बंद करायचंय, दोनदा घड्याळ बघून झालं. मी कॅमेरा अजून खाली ठेवलेला नाही. मोबाईल खालांच्या मांडीवर आहे आणि आम्ही चौघं त्याच्याकडंच बघत बसलोय.