ओवाळणीतला कॉम्प्युटर

शेवगाव,
कोजागिरीच्या आधी

तीर्थरूप रंगनाथदाजींना धाकट्या मेहुण्याचा, कानिफनाथाचा, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तिकडे तुम्हीही असालच. तुमचा गुडघा काय म्हणतो? भंडारदऱ्याला यंदा पाऊस हटेना असं ऐकलं, म्हणजे गुडघा बोलतच असणार. लॉजला गिऱ्हाईक कसं आहे? आक्काची तब्येत? (आक्का हे पत्र वाचत असेल तर तिने इथेच थांबावं. पुढे सगळी मशिनरीची माहिती आहे, तिला कंटाळा येईल.) आणि आपला तो जुना कॉम्प्युटर बरा आहे ना? सहज विचारलं. त्याला कोणी उगाच हात तर लावत नाही? पण ते राहू द्या, आधी इकडची हकिगत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

आमचा बजरंग तुम्हाला आठवत असेल. सप्त्यात त्याची गौळण ऐकताना तुमची आमटी थंड झाली होती, तोच. दसरा झाला की तो आणि त्याची बायको श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जातात, आणि पार उन्हाळा लागेपर्यंत आमच्या देवळातला कर्णा कोणा अनोळखी माणसाची विकतची भूपाळी वाजवत बसतो. बजरंगची आई गोजरबाई मागे एकटी राहते, शेळ्या सांभाळत. यंदा ती माझ्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात आली, स्पीकरच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "त्याला न्हेत्यात तर न्हेऊ द्या, पन आवाज तरी हितं ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, झालंच समजा मावशी. बजरंगची भूपाळी रेकॉर्ड करू आणि रोज पहाटे देवळावरून लावू. हे मी चार माणसांत, मोठ्या आवाजात म्हटलं. (तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे.)

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर रेकॉर्ड करायला काय झालं? तेही केलं, दाजी. कर्ण्यावर लावून पाहिलं. पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजला, आणि गोजरबाई पळत आली, "बजरंगला सर्दी झालीया व्हय?" त्यानंतर दोन दिवस तिने त्याला काढा पाजला. म्हणजे आपली रेकॉर्डिंगची पेटीच पाहिजे. पुण्यातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी ती आणली होती. एका बाजूने माइक लावायचे, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर, की आवाज कसा मोत्यासारखा आत उतरतो. इतकी वर्षं तिने एक तक्रार केली नाही. नव्या कॉम्प्युटरवरही वर्षभर गुण्यागोविंदाने नांदली. मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आम्ही वाजवायचं सगळं सामान पूजेला मांडतो, आणि एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत त्याला बोट लावायचं नाही, ही वडिलांपासूनची रीत. यंदा नव्या कॉम्प्युटरलाही पाट दिला. बंद कॉम्प्युटर पूजेत बरा दिसत नाही म्हणून सुकन्या म्हणाली, चालू ठेवा, नाथांचा फोटो लावा. लावला. (इंटरनेट बंद करायचं तिने सुचवलं नाही. बायकोवर ढकलतो असं समजू नका, पण नाही सुचवलं.) हार घातला, हळदकुंकू वाहिलं, सगळे हात जोडून उभे, आणि नाथांच्या कपाळावर एक पाटी उगवली: नवी सिस्टीम बसवायची आहे, आत्ता की नंतर? नुसतं 'नंतर'वर टिचकी मारायची होती. पण पूजेतल्या वस्तूला हात लावणार कोण? मी सुकन्याकडे पाहिलं, सुकन्याने निरांजनाकडे पाहिलं. खाली आकडे उलटे पळत होते. आम्ही हात जोडून बघत राहिलो. मग पाटी गेली आणि पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरायला लागलं. पूजेला आलेली गोजरबाई मागून म्हणाली, "पावला गं बाई!"

दसरा झाला, सोनं वाटून झालं, पेटी जोडली. तिचा हिरवा दिवा लागेना. लाल लुकलुकायला लागला, आणि कॉम्प्युटर म्हणतो, मला काही जोडलेलंच नाही. पेटीची ओळख करून देणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या सिस्टीमसाठी पेटीवाल्या कंपनीने ते केलेलंच नाही, आणि जुनं इंटरनेटवरून काढून टाकलं. त्याची सीडी माझ्याकडे होती. ती मी बाजरीत पाखरं हाकलायला बांधली होती. धावत रानात गेलो, सोडून आणली, तर उन्हाने पार काचेसारखी आरपार झालेली. (शिवाय नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

मग मोबाईल दुकानवाला गहिनीनाथ आला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, काळजी करू नका, थोडे दिवस जुनी सिस्टीम आत जपून ठेवलेली असते, मागे फिरवता येते. मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला. चहा येईस्तोवर बसायचं कशाला, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधला कचरा साफ केला. जुनी सिस्टीम त्या कचऱ्यातच होती. हे त्याने बशी तोंडाला लावून मला सांगितलं. चहा मात्र पूर्ण प्यायला.

पुढे त्याने बरंच केलं. जुन्या सिस्टीमसारखं वागायची एक सोय असते, ती कॉम्प्युटरने कबूल केली, पण पेटीला पटली नाही. वायर बदलली. शेवटी कुठलासा दुसराच ड्रायव्हर बसवला आणि दिवा हिरवा झाला! बजरंगला रानातून बोलावला, त्याने डोळे मिटून अख्खी भूपाळी म्हटली. ऐकायला लावली तर आवाज म्हशीसारखा जड, सावकाश. गहिनीनाथने काहीतरी फिरवलं, तर पोपटासारखा. आम्ही हसलो. बजरंग हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "म्या असा गातो व्हय?" तेव्हापासून तो गळा चोरून गातो आहे, दाजी. हे मला फार लागलं. मशीन बिघडलं तर बिघडलं, पण माणसाचा आवाज आपल्या हातून बिघडावा? परवा पहाटे त्याचा ट्रक सुटतो आणि माझ्याकडे त्याचे दोन आवाज आहेत, दोन्ही त्याचे नव्हेत.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा. थंडी पडायच्या आत लॉजच्या गाद्या उन्हात घाला. आक्काला नमस्कार, पण मी पत्र लिहिलं हे सांगू नका.

तुमचा,
कानिफनाथ

ता. क. आता मुद्द्याचं. गेल्या भाऊबिजेला आक्काला ओवाळणीत घातलेल्या त्या कॉम्प्युटरच्या पोटात पेटीचा खरा ड्रायव्हर अजून शाबूत आहे. कॉम्प्युटर इतका जुना आहे की नवी सिस्टीम त्याला झेपतच नाही, म्हणून वाचला. तो दोन दिवसांसाठी द्या. ओवाळणी परत मागत नाहीत हे मला कळतं. त्यातून तेव्हा मी भाषण केलं होतं. (अख्खा कॉम्प्युटर ताटात मावेना, म्हणून माउस ठेवला होता, आठवतं?) आक्का बाजारला गेली की गुपचूप बांधून द्या, आणि त्याच्यावरचा विणलेला रुमाल एखाद्या खोक्यावर टाकून ठेवा.

ता. क. २. पत्र घेऊन येणारा बजरंगच आहे. पोतं आणि दोरी त्याच्याजवळ आहे. त्याला खोटं बोलता येत नाही, तेव्हा आक्काच्या हातचा चहा त्याला मिळू देऊ नका.

ता. क. ३. बजरंग एसटीची पायरी चढत होता, तेवढ्यात आक्काचा फोन आला. गोजरबाईने सकाळीच तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, कारण हे गुपित आहे हे गोजरबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. आक्का म्हणाली, "ओवाळणी म्हागारी जात न्हाई, कान्या. पन म्या माहेरी यीन का न्हाई? माजी वस्तू माज्यासंगं यील." मग म्हणाली, "मलाच का न्हाई इचारलंस?" मी स्टँडवरच बजरंगला खाली उतरवला.

ता. क. ४. दाजी, झालं. आक्का कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आली, दिवा हिरवा लागला. बजरंग आधी गळा चोरत होता, मग आक्का म्हणाली, "मोकळं म्हन की रं," आणि तो मोकळा झाला. आज पहाटे ट्रक गेला आणि मी कर्णा लावला. गोजरबाई शेळी सोडत होती, ती दावं हातात धरून थांबली. संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "हां. ह्यो माजा," आणि शेळ्या घेऊन गेली. तेवढंच.

जुना कॉम्प्युटर आक्काने माहेरी 'ठेवला' आहे, परत दिलेला नाही, हे तिने दोनदा बजावलं. बदल्यात नवा कॉम्प्युटर यंदाची ओवाळणी म्हणून आगाऊ घेऊन येते आहे. खंडेनवमीला पूजेत मांडाल तर इंटरनेट बंद ठेवा. तुमचा बिलं छापायचा जुना प्रिंटर त्याच्यावर चालेल की नाही, याची मला खात्री देता येत नाही.

हे पत्र आता आक्काच्याच हाती देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आक्का, संगमनेर आलं की घडी घालून आत ठेव, आणि दाजींना वाटू दे की त्यांनीच आधी वाचलं.