दोन कोंबड्या, तीन अंडी

उचगाव, कोल्हापूर
रविवार, १६ मे २००४

चि. सौ. संयोगितास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे मलकापुरात तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

सिल्की जातीच्या कोंबडीची तीन पिलं नऊशेला पडली, असं मी आल्यागेल्याला सांगत आलो. आज बसून खरं काय पडलं ते काढलं. पिलं नऊशे. जयसिंगपूरच्या दोन खेपांचं डिझेल. जाळी, पत्रा, वेल्डिंग, त्यासाठी गॅरेजातला माणूस कामावरून काढून इकडं जुंपला. खुराड्याला जागा हवी म्हणून परसातलं लिंबाचं झाड तोडलं, तुझ्या सासूनं लावलेलं. ती गेल्यावर तूच त्याला पाणी घालायचीस. आणखी एक खर्च आहे. तो कुठं मांडायचा ते कळेना, म्हणून थांबलो.

फोन तू घेत नाहीस. तुझा भाऊ उचलतो आणि "ताई रानात गेलीया" म्हणतो. त्याच्यामागं कुकरच्या शिट्टीतही तुझं "न्हाई म्हण की" मला स्वच्छ ऐकू येतं. माझे कान तुला ठाऊक आहेत. हायवेवरनं जाणाऱ्या ट्रकच्या इंजिनातला टॅपेट वाजत असला तर मी जेवता जेवता सांगतो. पान्याआधी कानानं काम करायला शिकलो, म्हणून पंक्चर काढणाऱ्या पोराच्या आज तीन शेड उभ्या आहेत.

कोंबड्यांचंही तेच. जयसिंगपूरला पिलं विकणाऱ्या प्रभुलिंगच्या खोक्यात सहा पिलं होती, सगळी कापसाच्या बोळ्यासारखी. सिल्कीची जातच तशी. पिसं कसली, केसच ते. कातडं काळं, पायाला पाच बोटं, आणि नर-मादी लवकर कळत नाही. प्रभुलिंग म्हणाला, "हंबीरराव, मला बी सांगता येणार न्हाय. नशिबावर सोडा." मी डोळे मिटले. एकेक पिल्लू कानाशी धरलं. म्हटलं, "ह्यो नर. ह्या दोन माद्या." तोच आपला सुलतान. मोठा झाल्यावर आरवलाच की नाही? घसा बसल्यासारखा आरवतो, ते सोड. तूच त्याला तुळशीचा काढा करून घातलास. जिल्ह्यात असा नर नाही, हे मी सगळ्या गल्लीला सांगितलंय.

आता मुद्द्यावर येतो. कोंबडी दिवसाला एक अंडं घालते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोंबड्या दोन. मग खुराड्यात कधीकधी तीन अंडी कशी? मी कुणाजवळ बोललो नाही, नुसतं बघत राहिलो. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवली, एकातूनही पिल्लू निघालं नाही. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. बॅटरी लावून बघितलं तर आत स्वच्छ, काही धरलेलंच नाही. बाजारातली अंडी अशी असतात. म्हणजे कुणीतरी माझी अंडी उचलतंय, बाजारची ठेवतंय आणि गडबडीत एखादं जास्तीचं पडतंय. खुराड्यात जाणारी माणसं दोन, मी आणि तू. आणि त्याच सुमाराला तुझ्या भावानं कोंबड्या पाळायला घेतल्या. तूच सांग, माझ्या जागी कुणी काय समजलं असतं?

वर मी स्वतः ऐकलं. आपल्याकडं भांडी घासायला येणारी झुंबरबाई मोरीत होती आणि तू तिला म्हणालीस, "एक बी पिल्लू निघायचं न्हाय मावशी. पण मामंजींना कोण सांगणार?" ती फिदीफिदी हसली. "तू तर सांगूच नगंस बाई!" मी भिंतीआड उभा होतो. पिल्लू निघणार नाही हे तुला आधीच कसं ठाऊक? तेव्हापासून हेच चघळतोय.

पाडवा झाल्यावर तू माहेरी निघालीस. स्टँडवर मी तुझी पिशवी घेतली ती जड होती म्हणून नाही. "जरा उघड बघू" म्हणालो ते चेष्टेत, असं मी राजवीरला सांगितलं. चेष्टा नव्हती. फलाटावरच्या बायकांनाही ती तशी वाटली नाही. तू पिशवी बाकावर पालथी केलीस. आईसाठी घेतलेलं लुगडं. चटणीचा डबा. आणि माझा उसवलेला स्वेटर, तुझ्या आईकडनं विणून आणायला घेतलेला. डब्याचं झाकण काढायला लावलं नाही, एवढं माझ्या बाजूनं धर.

राजवीर घरात जेवतो, पण नवरा म्हणून तुझी बाजू घेतोय की पोरगा म्हणून माझी, ते कळत नाही. "बाबा, मीठ" एवढंच बोलतो.

तरी सांगतो, जे काय असेल ते एकदा लिहून टाक. मी रागावणार नाही. तोवर बंदोबस्त केलाय. अंड्यांना हात घालणारा उद्या सुलतानालाही काही खाऊ घालील, म्हणून आज त्याला वेगळ्या पिंजऱ्यात एकट्याला ठेवलं. कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

गुरुवार, २० मे

पत्र टाकलं नाही. वरचं खोडतही नाही. मी कसा आहे ते माझ्याच अक्षरात तुझ्याजवळ असू दे.

मंगळवारी सुलतानाच्या पिंजऱ्यात अंडं होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? कुणीतरी आत टाकलं. जाळीतनं बोट जात नाही. कुलूप जसंच्या तसं. किल्ली गळ्यात. तरी मी राजवीरला विचारलंच. तो म्हणाला, "माझी बी पिशवी उघडून दाऊ काय, बाबा?"

आज सकाळी गॅरेज त्याच्यावर सोडलं आणि पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. सुलतान पेंढा उकरून कोपऱ्यात बसला. बऱ्याच वेळानं उठला आणि ओरडला. अंडं घातलेली कोंबडी कशी ओरडते, ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. हात घातला तर अंडं गरम होतं.

झुंबरबाईला बोलावलं. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो मालक, कोंबडा कोंबडीवर चढतुया का न्हाय, हे सुनंनं सासऱ्याला कोणच्या तोंडानं सांगायचं? झाडायला जायची तवा रोज बघायची पोरगी. कधीच न्हाय चढला."

"मग आरवतोय त्यो?"

"नर नसला की एखादी कोंबडी आरवती की. घरात कुणीतरी आरवाय पायजे न्हवं?" असं म्हणून माझ्याकडं बघत राहिली.

माझ्यासमोर तू पदर सावरून उभी राहायचीस. ते मला धाकातलं वाटायचं, मग चोरीतलं वाटायला लागलं. तुला बोलायची लाज होती आणि मला विचारायची अक्कल नव्हती. माझी दोन कोंबड्यांची मोजणीच चुकीची होती.

रविवारी पहिल्या गाडीनं मलकापूरला येतो. पिशवी घेऊन येईन. तिकडच्या स्टँडवर, तुझ्यापुढं, चार माणसांसमोर, ती आधी मी पालथी करीन. आत लिंबाचं एक रोप असेल, दुसरं काही नाही. मग माझ्याबरोबर यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर रोप तिथंच लाव. राजवीरला तिकडं राहायला यायचं असेल तर मी अडवणार नाही, हेही लिहून देतो. येण्याआधी फोनवर काही बोलू नकोस. तुझ्या आवाजावरनं मी काहीतरी ओळखायला जाईन, आणि माझ्या ओळखण्याचा आता मलाच भरवसा नाही.

तुझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहणारा,
हंबीरराव

सुलतान अंड्यावर बसून आहे. उठवायला गेलं की चोच मारतो.