खालच्या गल्लीचं पाणी

अण्णा, आज दुपारी जेवणं झाल्यावर वॉर्डच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहायला बसले होते. दर महिन्याला टाकते, झालेली कामं वर आणि पुढचे कार्यक्रम खाली. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट, तुम्हाला ठाऊक नाही, पण मी आता आपल्या वॉर्डाची मेंबर आहे. ज्या पुरसभेत, आपल्या नगरपालिकेत, तुम्ही जन्मभर नीरगंटी होतात, गावाला पाणी सोडत फिरलात, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मला खुर्ची आहे. गाव तुम्हाला ओळखू येणार नाही. होसकोट्याच्या बाजूनं लेआउट, नव्या प्लॉटांच्या वसाहती, चढत चढत आपल्या तळ्याच्या बांधापर्यंत आलेत. मजकुरात मी लिहिलं, मसणवाटीच्या भिंतीचं काम पूर्ण, शाळेमागच्या रस्त्याला दिवे, बसस्टॉपवर पत्रा. पुढं लिहिलं, रविवारी सकाळी नव्या टाकीचं उद्घाटन, त्यानंतर डोळ्यांची मोफत तपासणी. एवढं झाल्यावर हात थांबला. फोन बाजूला ठेवून ही वही घेतली. मराठी लिहायला तुम्हीच शिकवलंत, दर रविवारी पंपहाउसच्या कट्ट्यावर बसवून, कारण शाळा कन्नड होती. आता घरात हे वाचू शकेल असं कुणी उरलेलं नाही. म्हणूनच लिहायला धीर होतोय.

मला तो गौरीजेवणाचा दिवस आठवतोय. मी बारा वर्षांची असेन. घरात होसूरची आत्या, तिच्या सुना, सगळे जमलेले. आई स्वयंपाकघरातून ओरडते आहे की पिंपात तांब्याभर पाणी नाही, पुरणाची भांडी तशीच पडलीत. आपल्या गल्लीचा नंबर नेहमी शेवटचा, तोही तुम्हीच लावलेला. तुम्ही पंपहाउसकडे गेला होतात आणि व्हॉल्व्हची लांब चावी दाराशी टेकवून ठेवली होती. मी ती उचलली, कोपऱ्यावरचं झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी जोर लावून आपल्या गल्लीला पाणी सोडलं. आई खूश झाली. आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. तासाभरानं तुम्ही आलात. ओरडला नाहीत. पानावर बसलेल्या पाहुण्यांसमोर मला बाहेर बोलावलंत आणि म्हणालात, "टाकी रिकामी झाली. खालच्या गल्लीत नळाला नुसती हवा येतेय. दोन घागरी भर आणि शेवटच्या घरात नेऊन दे. आणि का आणलंस ते तुझ्या तोंडानं सांग."

शेवटच्या घरात एक बाई राहायची. तेव्हा तरणीताठी विधवा, कडेवर पोर. मी घागर टेकवली आणि मान खाली घालून सांगितलं की पाणी मी चोरलं. ती हसली. "एवढ्यासाठी अण्णांनी पानावरून उठवलं तुला?" म्हणाली आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. परत आले तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात. माझं पान वाढून घेऊन बसला होतात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, अण्णा. पुष्कळ वर्षं होता. सगळ्या गावाला पाणी देणाऱ्या माणसाच्या घरी पाणी नाही, याची मला लाज वाटायची. निवडणुकीला उभी राहिले तेव्हा मात्र त्याच गोष्टीवर मतं मागितली. नीरगंटीची मुलगी म्हणूनच लोकांनी मला निवडून दिलं.

नवी टाकी मंजूर करून घ्यायला मी दोन वर्षं चपला झिजवल्या. हे खोटं नाही. जुना पाइप गंजला होता, खालच्या गल्लीत आठवड्यातून एकदाच पाणी जायचं, म्हणून टाकीबरोबर नवा पाइपही टाकला. मी सभेत सांगून बसले होते की उगादीला, पाडव्याला, प्रत्येक नळाला पाणी असेल. उगादीच्या आठ दिवस आधी इंजिनिअर मला त्या गल्लीत घेऊन गेला. पावसाळी गटाराजवळ उभं राहून म्हणाला, "अक्का, स्वल्प थांबू या. इथं पाइप गटाराच्या पोटातून गेलाय. वर उचलून घ्यायला हवा. महिना दीड महिना लागेल." मी विचारलं, सांधे पक्के आहेत ना? तो म्हणाला, "आज आहेत. उद्याचं मी सांगू शकत नाही." मी त्याला सांगितलं, मी लोकांना शब्द दिलाय, पाणी सोडा, उचलायचं नंतर बघू. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर सरी, सोडतो." उगादीच्या सकाळी पाणी आलं. बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं. अज्जीनं, म्हणजे त्या शेवटच्या घरातल्या गुळाच्या खड्यावाल्या बाईनं, आता सगळं गाव तिला अज्जी म्हणतं, सगळ्यांसमोर माझी अलाबला घेतली.

तीन आठवड्यांनी खालच्या गल्लीत जुलाब सुरू झाले. आधी दोन पोरं, मग घरटी एक. मी धावले. पाणी बंद केलं, टँकर लावला, डॉक्टर आणला. अज्जीला सरकारी दवाखान्यात कॉट मिळत नव्हती, तर मी फोन करून मिळवून दिली. चौथ्या दिवशी ती गेली. बाकीचे सगळे वाचले. तिचा मुलगा देवनहळ्ळीकडे विमानतळाची टॅक्सी चालवतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "अक्का, तुम्ही होतात म्हणून आईला निदान कॉटवर मरण आलं." पाण्याचा नमुना न्यायला माणसं आली तोवर पाइप उचलून, धुऊन झाला होता. ज्या कामाला महिना दीड महिना लागणार होता, ते दोन दिवसांत झालं. अहवालात कारण सांगता येत नाही असं आलं. त्याच आठवड्यात गल्लीत एक लग्न झालं होतं. कुणीतरी म्हणालं, लग्नातलं जेवण बाधलं. वॉर्डसभेत मी माइक घेतला आणि म्हणाले, उन्हाळ्याचे दिवस आहेत, शिळं खाऊ नका. अण्णा, त्या लग्नघरच्या बाईशी गल्लीत अजून कुणी धड बोलत नाही.

मी इंजिनिअरकडे गेले होते. विचारलं, आपलं ते बोलणं कुठं लिहिलंय का? तो फायली आवरत होता. म्हणाला, "कुठंही नाही, अक्का. तोंडीच होतं सगळं. तुम्ही काळजी करू नका." त्याच्या आवाजात दया होती की तिरस्कार, मला कळलं नाही.

पाणी उगादीलाच सुटलं, पण टाकीचं उद्घाटन राहिलं होतं; रविवारी त्यात तिला तुमचं नाव देणार आहेत. ठराव मी मांडला नाही, पण अडवलाही नाही. कन्नडमध्ये मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून झालंय, मी लांबून बघून आले. तुमचा तो सायकलीवरचा फोटो मोठा करून आणलाय. काल अज्जीचा मुलगा घरी आला. बसला नाही, दारातूनच म्हणाला, "अक्का, आई नेहमी अण्णांचं नाव काढायची. फोटोला हार मी घातला तर चालेल?" मी म्हटलं, चालेल की. त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला, गाडी उभी होती. तो वळला तेव्हा हाक मारायला तोंड उघडलं होतं. तुम्ही असतात तर मला त्याच्या मागं पाठवलं असतंत, का ते तुझ्या तोंडानं सांग म्हणून. पण तुम्ही नाही, आणि मी गेले नाही. रविवारी सांगेन असंही म्हणवत नाही. मला माझी ओळख आता बऱ्यापैकी झालीय. मी माइकवरून तुमच्याबद्दल चांगलं बोलेन, लोक टाळ्या वाजवतील, तो हार घालेल आणि डोळे तपासायला म्हाताऱ्यांची रांग लागेल.

ग्रुपवरचा मजकूर अजून अर्धाच आहे. तो पुरा करून मी पाठवीन, ही पानं पाठवायला जागा नाही. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, ती इथं लिहून ठेवते. उगादीच्या सकाळी अज्जीच्या नळाखाली मी फोटोसाठी ओंजळ धरली होती. ती म्हणाली, पी बाई, तुझंच पाणी आहे. मी ओंजळ ओठांपर्यंत नेली, फोटो निघाला, आणि पाणी खाली सोडून दिलं. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं कॅनचं पाणी येतं, अण्णा.