सातव्या भागाचं परीक्षण

९ नोव्हें., रवि. सौंसर

'आखरी घंटी'चा सहावा भाग पाहिला. पहिली लढत ठीक. दुसरीत दाढीवाला दमलेला, श्वास मोजता येत होता. तिसरी दोघांविरुद्ध दोघं. तीत सगळ्यात जास्त धावला तो रेफ्री. दहापैकी पाच.

आई बाजूला वालाच्या शेंगा निवडत बसली होती. शेवटी पुढच्या भागाची झलक. नवी बाई. काळा पोशाख, अर्धा चेहरा रंगवलेला, नाव 'आंधी'. कॅमेऱ्याकडे पाठ करून रिंगकडे चालत जाते, एवढंच.

आई म्हणाली, "थांबव ते."

टीव्ही आहे, थांबत नाही म्हटलं.

"हे आपली प्रज्ञा होय."

मी चालीवरूनच ओळखलं होतं. डावा पाय जरा बाहेर टाकते, लहानपणापासून.

१० नोव्हें., सोम.

बसमध्ये. सौंसर–पांढुर्णा, रोजचंच. मोबाईलवरून परीक्षण अतुलला पाठवलं. तो नागपूरला असतो, टीव्हीवरच्या कुस्तीचं मराठी पान चालवतो. तीन वर्षं दर सोमवारी माझं येतं, 'कोपऱ्यातला' या नावानं. पॅथॉलॉजी लॅबमधल्या कोणाला माहीत नाही की रक्त काढणारा माणूस हेही करतो. आईला माहीत आहे. प्र.ला माहीत आहे. ते नाव तिनंच ठेवलं होतं.

प्र. माझी बहीण, नऊ वर्षांनी लहान. बाबा तिला सायकलवर मोहगावच्या आखाड्यात न्यायचे. वीस पोरं आणि ही एक पोरगी. राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली. बाबा गेल्यावर माती सोडली आणि पंजाबात गेली, टीव्हीवाल्या कुस्तीच्या शाळेत. मी म्हणालो, हे नाटक आहे, आधी ठरवून पडायचं. ती म्हणाली, "ठरवून पडून पाह्य एकदा, मंग सांग." तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. दोन वर्षं झाली. ती आईशी बोलते, आई मला सांगते.

आजही तसंच. आईला फोन आला होता. चित्रीकरण कधीचंच झालं, काय झालं ते सांगता येत नाही, रविवारी पाहा म्हणे. "दादालेबी पाह्यजो म्हना."

अतुलला सांगितलं नाही की बहीण आहे. सांगायला हवं होतं का. बघू.

१३ नोव्हें., गुरु.

आईनं शेजारच्या शोभाकाकूंना रविवारचं बोलावणं केलं. आणखी दोघींना. चिवडा करून राहिली.

मी म्हणालो, "आई, ती हरणार आहे."

"तुले कोनं सांगतलं?"

"काळा पोशाख दिला की हरायचंच असते."

"मंग हरू दे. बाप तिचा हरल्यावरबी खांद्यावर बसवून आने."

१६ नोव्हें., रवि.

सातवा भाग. घरात चार बाया, मी, चिवडा.

आंधीसमोर रोशनी. रोशनी म्हणजे या कार्यक्रमाची लाडकी. ती आली की सगळा हॉल उभा राहतो. प्र. आली तर हुर्यो. लोक अंगठे खाली करून ओरडत होते. तिनं एका प्रेक्षकाच्या हातातली पाटी हिसकून फाडली. चांगलं केलं, कामच ते.

आई : "काहून हुर्यो करून राहिले तिची? तिनं काय केलं त्याइचं?"

"तिचं कामच हे आहे. ती वाईट आहे यात."

"कोन वाईट?"

मी चिवड्याकडे पाहिलं. शोभाकाकूंनीही चिवड्याकडे पाहिलं.

सुरुवात बरी. प्र.चे हात अजून मातीतलेच, पकड घट्ट. मग शेवट. रोशनी सगळ्यात वरच्या दोरीवर चढते, हवेत गिरकी घेऊन झेप टाकते, समोरचीनं ती छातीवर झेलत पाठीवर पडायचं, रोशनी वर, रेफ्री तीन मोजतो. दर वेळी हेच. आज दोघी मध्येच एकमेकीत गुंतून कोसळल्या. रोशनी वर नाही, बाजूला. कोणीच उठेना. रेफ्री गुडघ्यावर बसून काहीतरी बोलला, घाईनं तीन मोजले, घंटा. कॅमेरा लगेच गर्दीवर. समालोचक गप्प, मग दोघं एकदम बोलले.

शोभाकाकू म्हणाल्या, "झालं का?" चहा न घेताच गेल्या सगळ्या.

१७ नोव्हें., सोम.

बसमध्येच लिहिलं. जसं गेलं तसं इथं उतरवतो :

'नवी मुलगी तयारीची नव्हती. कुस्तीतून आलेले मल्ल पकडू शकतात, पण समोरच्याला चांगलं दिसू देणं ही वेगळी विद्या आहे. शेवटचा डाव तिच्यामुळे फसला. ती जागा सोडून पुढे सरकली. रोशनीसारखीची सगळ्यात मोठी झेप वाया गेली. दहापैकी तीन.'

अनोळखी बाई असती तर हेच लिहिलं असतं. तेवढंच पाहिलं मी, दोनदा वाचून. मग पाठवलं.

जेवायच्या सुट्टीत अतुलचा मेसेज : लय शेअर होऊन राहिलं. 'जागा सोडून पुढे सरकली' यावर कोणी गाणं लावून चित्रफीत केली. तीही पाठवली त्यानं. पाहिली. रक्ताचे सॅम्पल मशीनवर फिरवायला लावले.

१९ नोव्हें., बुध.

प्र. आईचा फोन उचलत नाही. चार वेळा झाला.

शोभाकाकूंच्या सुनेनं आईला मोबाईलवर परीक्षण दाखवलं. आईला वाचता येतं, हळू. जेवायला वाढताना म्हणाली, "तीन?"

"तीन."

"शाळेतबी तिले कोनं तीन नाई देल्ले."

भाजी वाढली. भाकरी वाढली.

२१ नोव्हें., शुक्र.

प्र.चा आवाजी निरोप, आईला. आईनं मला ऐकवला, मुद्दाम की सहज, कळलं नाही. त्या लढतीत उजवा खांदा उतरला होता. म्हणूनच महिनाभर व्हिडिओ कॉल टाळत होती. तीन आठवडे हात गळ्यात बांधलेला. कंपनी म्हणते सध्या बस, लोक काय म्हणतात ते पाहून ठरवू. कंपनीतल्या कोणीतरी माझ्या परीक्षणाचं हिंदी करून वाचून दाखवलं बैठकीत.

शेवटी : "दादाचं वाचलं. बरोबरच असंन. तो लक्ष देऊन पाह्यते."

२३ नोव्हें., रवि.

आठवा भाग लावला नाही. ॲपवर सातवा पुन्हा लावला. आई जवळ येऊन बसली. मी थांबवत, मागे नेत पाहत होतो.

आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथं. हिचा हात कुठं हाय ते पाह्य."

पाहिलं. मग सगळ्यात हळू करून पाहिलं. काय आहे ते क्रमानं :

रोशनीचा पाय दोरीवरून निसटतो. झेप अर्धीच होते. ती डोकं खाली करून येते, मान वाकलेली. प्र. जागेवर उभी राहिली असती तर डोकं आधी मॅटवर. प्र. एक पाऊल पुढं टाकते. उजवा हात मानेखाली घालते. सगळा भार त्या हातावर येतो. खांदा तिथंच जातो. चेहरा रंगवलेला आहे तरी दिसतं. पडल्या पडल्या ती रोशनीच्या कानाशी काहीतरी बोलते. मग डावा हात रेफ्रीच्या पायाला लावते, मोज अशी खूण. तेव्हा रेफ्री मोजतो.

पुढं सरकली हे मी बरोबर लिहिलं होतं.

आई तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. म्हणाली, "लेकरू पाळन्यातून पडते तवा बाई असाच हात घालते. इचारत नाई कोनाचं हाय."

२४ नोव्हें., सोम.

लॅबमधून अतुलला फोन. नवीन लिहून देतो म्हटलं, आधीचं चुकलं.

"अबे, हप्ता झाला. आता कोण वाचते? आनं लोक म्हनतीन हा पलटला."

"ती माझी बहीण आहे."

"हे तू मले आता सांगून राहिला?"

"हो."

"मंग तर छापूच शकत नाई. बहिणीसाठी लिहिलं म्हनतीन. आनं हे लपवून तीन देल्ले, त्याचंबी उत्तर मलेच द्या लागन."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. नातं सांगितलं तर कोणी मानणार नाही, न सांगता लिहिलं तर पुन्हा खोटं.

२६ नोव्हें., बुध.

स्वतःच्या खात्यावर लिहिलं. खऱ्या नावानं. कोपऱ्यातला म्हणजे मी, आंधी माझी सख्खी बहीण, मी पहिल्यांदा घाईनं पाहिलं. खाली ती चित्रफीत, हळू केलेली, रोशनीचा पाय, प्र.चा हात, दोन्हींभोवती लाल गोल.

अतुलनं पानावरून माझं नाव काढलं. रागावला नाही, नुसतं काढलं.

२८ नोव्हें., शुक्र.

पहिल्या दिवशी 'बहिणीची वकिली'. आज वारं फिरलं. लाल गोलांची चित्रफीत सगळीकडे. प्र.चं कौतुक. रोशनीला शिव्या. ती घसरली आणि दुसरीचा खांदा गेला, तरी जिंकून नाचली वगैरे. ती नाचली नव्हती. तिला धरून नेलं होतं.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्या पोरीले काहून बोलून राहिले आता?"

मी विचार केला नव्हता.

२ डिसें., मंगळ.

प्र.चा फोन. मला. जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी बस भरलेली, मी दाराशी उभा. नीट ऐकू येत नव्हतं म्हणून खालीच उतरलो. आठवतं तेवढं :

"कायले टाकलं तू ते?"

"खरं होतं ते."

"खरं मले मालूम नव्हतं का? तिचा पाय घसरला हे मी कोनालेच सांगतलं नाई. कंपनीलेबी नाई. माह्याच हातून चुकलं असंच सांगतलं."

"काहून?"

"आमच्यात समोरचीचं अंग आपल्या हातात असते दादा. तिचं माह्या हातात, माह्यं तिच्या. नावबी तसंच. तिची मान मी सोडली नाई, आनं तू नाव सोडलं तिचं."

ती म्हणाली कंपनी दोघींचं सोमवारी ठरवते. दोघींना ठेवतील, एकीला, कोणालाच नाही, काही सांगता येत नाही. रोशनी हिचा फोन उचलत नाही.

"काढून टाकू का?"

"काढ. आता काही होत नाई, तरी काढ."

काढलं. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती.

४ डिसें., गुरु.

दुसऱ्यांच्या खात्यांवर ती चित्रफीत आहेच. काहींनी माझं नावही ठेवलं आहे, कापसाच्या गाठीवर शिक्का मारतात तसं. काहींना लिहिलं, काढा म्हणून. एकानं काढली.

रोशनीला लिहावं का. लिहिलं, खोडलं. माझी चूक मी तिच्याकडे कोणत्या हक्कानं

६ डिसें., शनि.

आईसोबत विहारात. गर्दी. मेणबत्त्या. परत येताना आई म्हणाली, प्र. उद्या येते, आठ दिवस राहीन म्हणे. मला स्टेशनवर जा म्हणाली.

७ डिसें., रवि.

पांढुर्ण्याला गाडी दीड तास उशिरा. प्लॅटफॉर्मवर संत्र्याच्या पेट्या रचलेल्या, त्यांना टेकून उभा राहिलो. प्र. उतरली. रंग नसलेला चेहरा दोन वर्षांनी पाहिला. बारीक झाली आहे, खांदे मात्र रुंद. पट्टा काढलेला, पण उजवा हात पोटाशी धरून चालते. बॅग मी घेतली.

बाहेर आल्यावर म्हणालो, "चुकलो मी."

"कोन्त्या खेपेस?"

"दोन्ही."

"हं." मग, "भूक लागली."

स्टेशनबाहेर समोसे खाल्ले. तिनं डाव्या हातानं. बसमध्ये खिडकीशी बसली आणि सौंसर येईपर्यंत झोपली. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो, वळणावर धक्का लागू नये म्हणून जरा दूर.

आईनं दारातच तिचा खांदा दाबून पाहिला, बाजारात फळ पाहतात तसा. "दुखते?" "दुखते." "बस मंग."

आज रविवार होता. सहा वाजता कोणीच टीव्ही लावला नाही.

८ डिसें., सोम.

सुट्टी काढली. डॉक्टरनं प्र.ला व्यायाम दिला आहे. कोणीतरी मनगट धरून हात हळूहळू वर न्यायचा, दुखेल तिथं थांबायचं. आईचे हात कापतात, म्हणून मी. बोटांनी भिंत चढायची, तो दुसरा व्यायाम तिचा तिनं करायचा. सकाळी तीनदा केला.

"अजून वर."

"दुखून राहिलं ना तुला."

"मी सांगन कवा थांबाचं ते. तू ठरवू नको."

मग तसंच केलं. ती डोळे मिटून होती. ती सांगेल तेव्हा थांबायचं, सांगेल तेव्हा न्यायचं. एवढंच काम होतं आणि ते सोपं नव्हतं.

अकराच्या सुमारास फोन वाजला. तिचा, पलंगावर. मला वाटलं कंपनी. स्क्रीनवर रोशनी. प्र.नं पाहिलं. हात माझ्या हातात, खांद्याच्या रेषेत. म्हणाली, "सोडू नको एकदम." हात हळूच खाली आणला. तोपर्यंत वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. ती उचलून मागच्या अंगणात गेली.

अर्धा तास होत आला. खिडकीशी बसून लिहून राहिलो. इथून ती दिसते, ऐकू येत नाही. बोलत कमी आहे, ऐकते जास्त. एकदा मान हलवली, हो की नाही ते पाठीमागून कळत नाही. आई चहा घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली.

फोन तिच्या डाव्या हातात आहे. उजव्या हाताची बोटं तिनं मोरीच्या भिंतीवर टेकवली आहेत. ऐकता ऐकता एकेक बोट वर चढवून राहिली.