फाटकावरचा कान

३ ऑक्टोबर

आज इथे राहायला आले. वृद्धाश्रम म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, तसं हे नाही. दुमजली इमारत, लांब कॉरिडॉर, धुतलेले हिरवे पडदे, आणि खिडक्या इतक्या मोठ्या की दुपारी दिवा लावावा लागत नाही. मला तळमजल्यावरची शेवटची खोली मिळाली आहे. पलीकडे चादरी-उशांचं कोठार असल्यामुळे भिंतीलासुद्धा साबणाचा वास येतो. मला तो आवडला.

नोकरी वहिनीने मिळवून दिली. इथल्या व्यवस्थापक बाई तिच्या शाळेतल्या मैत्रीण. दादा गेल्यापासून मी घरात भिंतीकडे बघत बसते, हे तिला बघवत नव्हतं. नवरा तिचा गेला आणि समजूत मात्र तीच माझी घालत होती.

काम सोपं आहे. सिस्टरच्या टेबलावर मोठी स्क्रीन आहे आणि तिच्यावर एक वेबपेज कायम उघडं असतं. प्रत्येक खोलीचा एक चौकोन. खाटेशी एक बिनतारी बटण. ते दाबलं की चौकोन लाल होतो, घंटा वाजते आणि सिस्टर जाते. ते पेज मी सांभाळायचं.

शेजारच्या खोलीत टेलरमावशी राहतात. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, की खांद्यात कापड लोंबतंय, बाई आटलीय वाटतं. मग म्हणाल्या, की बेल दाबली की सिस्टर येते, मुलगा येत नाही. कॉम्प्युटरवाली आहेस तर तेवढी दुरुस्ती जमते का बघ. बऱ्याच दिवसांनी मी हसले.

६ ऑक्टोबर

काल पहिल्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायला आले. आज सकाळभर बेल दाबत होते, कुणालाच ऐकू गेली नाही. शेवटी त्यांनी काठी कॉरिडॉरमध्ये भिरकावली, तेव्हा सिस्टर धावली. बाईंचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, की माझ्या छपराखाली हाक मारून कोणी ताटकळता कामा नये.

चूक सापडली. आधीच्या प्रोग्रॅमरने पेज उघडताना जे चौकोन हजर होते, त्या प्रत्येकाला जावास्क्रिप्टमधून एकेक कान, म्हणजे बटण दाबल्याचं ऐकणारा कोड, लावला होता. हेडमास्तरांचा चौकोन पेज उघडल्यानंतर आत आला. त्याला कान कुठून असणार? बटण दाबलं जात होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

यावरचा उपाय मला दादानेच शिकवला होता. पेजवर चौकटीत चौकट असते. इमारतीत मजला, मजल्यात खोली, खोलीत खाट. हाक खाटेवर उठते आणि एकेक चौकट ओलांडत बाहेर येते. दारोदार पहारेकरी कशाला नेमतेस, फाटकावर एकच माणूस बसव, असं तो म्हणायचा. आतून कोणीही निघालं तरी त्याच्यासमोरूनच जाणार, मग ते आधीचं असो की नंतर आलेलं.

तसंच केलं. सगळे कान काढले आणि सगळ्यात बाहेरच्या चौकटीला एकच लावला. त्यात खरं तर आणखी एक ओळ लागते: हाक खाटेवरून उठली असेल तरच घंटा वाजव. ती मी घातली नाही. बाईंचं म्हणणं होतं, की हाक ती हाक, एकही वाया जायला नको.

तपासणीसाठी माझ्या खोलीचाही चौकोन घातला आणि एक बटण उशाशी ठेवलं. सिस्टरला सांगून ठेवलं आहे, की माझा चौकोन लाल झाला तर येऊ नका, मीच तपासत असेन.

हेडमास्तरांनी मला मुद्दाम बोलावून शाबासकी दिली. शंभरातले नव्वद. उरलेले दहा उशिराबद्दल कापले.

११ ऑक्टोबर

जेवणं झाली की इथे सगळे झोपतात. कॉरिडॉरमध्ये ऊन पसरलेलं असतं आणि फक्त पंख्यांचा आवाज. अशा वेळी घंटा वाजली. स्क्रीनवर एकही चौकोन लाल नव्हता. सिस्टर म्हणाली, की ही बेवारशी बेल दिसतेय, हिला कोणी नातेवाईक नाही.

मी नोंद उघडली. प्रत्येक हाक कुठून निघाली आणि कोणकोणत्या चौकटींतून आली, त्याची वाट तिथे उमटते. या हाकेच्या वाटेत एकच शब्द होता. इमारत. खाट नाही, खोली नाही, मजला नाही. आणि बटण बराच वेळ दाबून धरलेलं.

आजारपणात दादाची वाचा गेल्यावर तो उशाजवळची बेल अशीच दाबून बोलवायचा. मी दारात दिसेपर्यंत अंगठा उचलायचा नाही. वहिनी म्हणायची, अहो, येतेय ती, अंगठा झिजेल तुमचा.

ती ओळ आज घालायला हवी होती. घातली नाही.

१३ ऑक्टोबर

पुन्हा, त्याच वेळी. तेवढीच लांब. आजच्या वाटेत दोन शब्द होते: पहिला मजला, इमारत.

मी वर गेले. कॉरिडॉर रिकामा होता. स्वतःचीच लाज वाटली, तरी हळूच ‘दादा’ म्हटलं. हेडमास्तरांनी आतून विचारलं, की कोण आहे. मी आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, की तू आत्ता आलीस, मला ओळखू येतं. मी मघापासून जो उभा आहे त्याला विचारतोय.

१४ ऑक्टोबर

हेडमास्तरांची खोली, पहिला मजला, इमारत.

ते जागे होते. कोणी आलं नाही म्हणाले. मग म्हणाले, की मी डुलकी काढीपर्यंत इथेच बस. बसले.

१५ ऑक्टोबर

आज वाट पुरी होती. खाटेपासून. त्यामुळे त्यांचा चौकोन लाल झाला आणि सिस्टर धावली. हेडमास्तर गेले होते.

दोन्ही हात पांघरुणात. बटण खिडकीच्या कठड्यावर, चार्जिंगला लावलेलं. खाटेवरून तिथवर हात पोचत नाही. मी ते दाखवलं, तर सिस्टर म्हणाली, की वय झालं होतं हो त्यांचं. बाई म्हणाल्या, की शेवटची हाक तरी ऐकू आली, तुझ्यामुळे.

१७ ऑक्टोबर

इमारत.

पुन्हा पहिल्यापासून. बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनीला फोन केला.

दादा असेल तर? मी ती ओळ घातली तर फाटक त्याच्या तोंडावर—

१८ ऑक्टोबर

तळमजला, इमारत. माझा मजला. टेलरमावशींचा.

संध्याकाळी वहिनीचा फोन. रागावली नाही. मी सांगितलं, की बटण दादासारखंच दाबून धरलेलं असतं. मग म्हणाली, की अगं, ते कधी उठून कोणाकडे गेले का? जिथे असतील तिथूनच बोलवायचे. आपण जायचो.

फोन ठेवल्यावर कळलं. हाक आतून बाहेर येते. ही बाहेरून आत जातेय. दर खेपेला एक चौकट. हाक मारणारा आपल्याला बोलावतो. हा बोलावत नाही. हा येतोय.

आणि फाटकावर मी कान बसवला, माणूस नाही. कान कोणाला अडवत नाही.

१९ ऑक्टोबर

सकाळीच ती ओळ घातली. दुपारी घंटा वाजली नाही. सिस्टर खूश. बेवारशीला वारस मिळाला म्हणाली.

नोंद उघडली. टेलरमावशींची खोली, तळमजला, इमारत.

येणं थांबलेलं नाही. फक्त आता ऐकू येत नाही.

मावशींचा चौकोन काढून टाकला. त्यांना पहिल्या मजल्यावर हलवायला सांगितलं, बाई नाही म्हणाल्या. मावशी चिडल्या. माझी बेल का तोडलीस, मी काय तुझी सावत्र सासू आहे, म्हणाल्या. मी त्यांच्या खाटेशी खुर्ची टाकून बसले. काय झालं विचारत राहिल्या. मग थकून माझ्या खांद्याचं माप घेतलं. बोटांनीच. म्हणाल्या, दोन टाके घालून देते उद्या.

सगळेच चौकोन काढले तर वरच्यांच्या हाका कोण ऐकणार. या मजल्यावर एक ठेवला आहे. माझा. त्याला जायला कुठेतरी—

२० ऑक्टोबर

माझी खोली, तळमजला, इमारत.

मावशी ठीक आहेत. भिंतीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकू येतं.

२१ ऑक्टोबर

दुपार. दार उघडंच ठेवलं आहे. कॉरिडॉरमध्ये ऊन. खाटेवर बसून लिहिते आहे. बटण टेबलावर, माझ्यापासून दूर. दोन्ही हात वहीवर.

घंटा वाजली. लांब. अजून वाजते आहे. ती ओळ अडवणार नाही— खाटेवरून उठली आहे ना—

गादी शेजारी खाली दबली. कोणी बसल्यासारखी.

दादा, तू असशील तर अंगठा उच—

सिस्टरला हाक मारली. आवाज फुटला, नक्की फुटला. ती टेबलावरूनच म्हणाली, की कळलं हो ताई, तपासणी चाललीय, झाली की सां