बबनरावांचा एकच शब्द

घाटंजी, २ डिसेंबर २०२४

ती. विमलताईंस संगीताचा प्रभूत सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागद हाती घेतला. तुमचे भाऊ आता काठी धरून अंगणापर्यंत जातात. वाचा मात्र लकव्यानं नेली. नेताना एक शब्द तेवढा ठेवला, तोच लिहायला हात अडखळतोय. तो शब्द आहे भैताड, वेड्या-मूर्खाला हासडायची शिवी.

इतकी वर्षं चर्चच्या मंडळीचे पंच, रविवारी उपदेश करणारे, लेकरांनी एकमेकांना वेडा म्हटलं तरी ताटावरून उठवणारे! आता भूक लागली की भैताड, पाणी हवं की भैताड. परवा पाळकसाहेब आले. त्यांनी विचारलं की बबनराव, कसं वाटून राह्यलं. यांनी मोठ्या आदरानं हात जोडले आणि तेच म्हटलं. साहेबांनी चहा अर्धाच घेतला.

नाताळच्या भक्तीला जायचंच म्हणून यांनी कोट काढून खाटेवर ठेवलाय. मी काय करू, कळवा. तुमची माया पाठीशी असू द्या.

तुमची,
संगीता

पुसद, ९ डिसेंबर

चि. सौ. संगीतास अ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आपल्या घरात कुणाच्या तोंडी असा शब्द कधी आला नाही. मनात आला असेल, तर ते प्रभूला ठाऊक. बबनला चर्चमध्ये नेऊ नकोस. लोक म्हणतील, इतकी वर्षं पोटात हेच होतं. जीभ शुद्ध होईपर्यंत त्याला घरीच ठेव आणि तू उपास कर. मी करतेच आहे, गुडघे दुखत असूनही.

आशीर्वाद आहेतच, पण माझं ऐकावं.

विमलताई

घाटंजी, २७ डिसेंबर

ती. ताईंस सलाम.

रागवा, पण पुरतं वाचून रागवा. मी यांना नेलं.

तुमच्या सांगण्यावरून उपास धरला. संध्याकाळची प्रार्थना आजवर हे करायचे, मी भाताकडे लक्ष ठेवून आमेन म्हणायची. आता तोंड मलाच उघडावं लागलं. देवाला आधी चार गोष्टी सुनावल्या, की एकच शब्द ठेवायचा होता तर निदान बरा तरी ठेवायचा. मग रडले. आमेनच्या जागी हे म्हणाले, भैताड. देवाला की मला, कोण जाणे. मला हसू फुटलं, मग यांनाही. दुःखात आनंद करा यावर यांनी किती उपदेश केले, पण घरी येऊन असे कधी हसले नव्हते. तेव्हापासून रोज प्रार्थना करते. कुणीतरी ऐकतंय असं मला पहिल्यांदाच वाटतंय, ताई.

नाताळला मागच्या बाकावर बसलो. प्रभूनं यंदा काय केलं याची साक्ष कोण देणार असं साहेबांनी विचारलं आणि हे काठी टेकत उभे राहिले. मी कोट ओढला, पण ऐकतील तर ना! डोळे मिटून, उपदेशाच्या त्याच खड्या आवाजात साक्ष दिली. शब्द एकच, पण कधी विनवणीचा, कधी आभाराचा. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हे हसत होते. यांच्या बोलण्यात कुणी झोपलं नाही असं प्रथमच घडलं. साहेबांनीच आधी आमेन म्हटलं, मागोमाग सगळ्यांनी.

लोभ कमी करू नका.

संगीता

पुसद, २ जानेवारी २०२५

चि. सौ. संगीतास अ. आ.

रागावले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि एकटीच हसले. शेजारची उर्वशी धावत आली की मावशी, काय झालं.

यजमान गेल्यापासून मी रोज वेळेवर, नीट शब्दांत प्रार्थना करते. चुकत काही नाही, पण उठताना घर तितकंच रिकामं असतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारच्या बसनं येते. प्रार्थना तूच कर, मी बबनजवळ बसेन. त्यानं मला तो शब्द म्हटला तर त्याला अडवू नकोस. नाहीच म्हटला, तर मला फार वाईट वाटेल.

तुमचीच,
विमलताई